खंडेनवमीची फियाट

"ही गाडी आज चालू झाली, तर दादा खोटं बोलला. मला एवढंच बघायचंय. तुमचं ते बिल्डर-फिल्डर नंतर."

शेडचं कुलूप काढता काढता त्रिवेणी बोलली, आणि हैदराबादेतल्या तारनाक्याच्या त्या अंगणात उभ्या असलेल्या सगळ्यांना एकदम दुसरीकडे बघायचं सुचलं. धाकट्या श्रीकांतने कमरेचा नवा पेजर काढून पाहिला. तो वाजलेला नव्हता. अनिलच्या बायकोने, रंजनाने, पदराला हात पुसले. ते कोरडेच होते. एकटा थोरला अनिल बहिणीकडे बघत राहिला.

सभ्य घरात असं बोलत नाहीत म्हणे. सभ्य घरात मनात ठेवतात, कुजवतात, आणि मग सणासुदीला एकमेकांच्या ताटात वाढतात. वडील, नामदेवराव, गेल्यापासून दोन वर्षं हेच चाललं होतं. दिवाळीला अनिलने बहिणीला ओवाळणी घातली तेव्हा तिने ती उचलली नाही, "राहू दे, मला पगार आहे" म्हणाली. सगळ्यांना कळलं ती काय म्हणाली ते. मान खाली घालून सगळ्यांनी करंजी खाल्ली.

गोष्ट सरळ होती. त्या दिवशी सकाळी नामदेवराव स्वतः फियाट चालवत आबिड्सला गेले. परत आले, गाडी शेडमध्ये लावली, जेवले. दुपारी खिडकीशी खुर्चीत बसल्या बसल्या वाकडे झाले. तोंड फिरलं, वाचा गेली. घरात आई आणि अनिल दोघंच होते. अनिलने किल्ली घेतली आणि शेडमध्ये पळाला. स्टार्टर मारत राहिला, मारत राहिला. बॅटरी बसली, पण गाडी चालू झाली नाही. मग रिक्षा शोधायला मेन रोडपर्यंत धावत गेला. दवाखान्यात पोचले तोवर डॉक्टरच्या हातात फार काही उरलं नव्हतं.

आणि आदल्याच रात्री, हे घर पाडून फ्लॅट बांधायचे की नाही यावरून बापलेकात गल्ली ऐकेल असं भांडण झालं होतं.

सकाळी आबिड्स करून आलेली गाडी दुपारी कशी मरते? शाळेतून थेट दवाखान्यात आलेल्या त्रिवेणीला तिथेच हा प्रश्न पडला. तिने तो तेव्हा विचारला नाही. घरी येऊन गाडीच्या दोन्ही किल्ल्या ताब्यात घेतल्या, गाडीची दारं लावली, शेडला कुलूप ठोकलं. नवऱ्याने टाकलेली, माहेरी परत आलेली बाई. तिला घरात दुसरं काही ताब्यात ठेवायला कोण देणार होतं? आता दसरा झाला की शेड पडणार होतं. अनिलने भंगारवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. त्याला एवढी घाई का, हेही तिने मनात टिपलं होतं.

"मिस्त्री कुणी आणला?" अनिलने विचारलं.

"मी," श्रीकांत म्हणाला. "मोईन मिस्त्री. मुशीराबादचा. अख्ख्या शहरात जुन्या फियाटला असा माणूस नाही."

"तू आणलास होय. म्हणजे काय बोलायचं ते शिकवूनच आणला असशील."

"दादा, खाली-पीली कशाला? मी कुणाच्याच बाजूचा नाही."

"तेच तर. तू कधीच कुणाच्या बाजूचा नसतोस. ज्याचा फ्लॅट रोडकडचा, त्याच्या बाजूचा."

मोईन मिस्त्री पान खात गाडीभोवती फिरून आला. टायर बसलेले, काचांवर धुळीचा थर, दाराची कड उंदराने कुरतडलेली. त्याने बोनेटवर थाप मारली. "क्या फिकर करते साब! मुर्दा भी उठके बैठता मेरे हाथ से. और बेचने का इरादा हुआ तो पहले मेरेकू बोलना."

घ्या. याचाही डोळा होताच. त्रिवेणीने त्याच्याकडे आणि मग अनिलकडे पाहिलं.

बॅटरीत काही राम नव्हता. दुसरी हवी होती. दारात अनिलची मारुती उभी होती. धुतलेली, हळद-कुंकू लावलेली, झेंडूची माळ घातलेली, चाकांपुढे लिंबं मांडलेली.

"अहो, तिची पूजा झालीय," रंजना म्हणाली. "आजच्या दिवशी तिचं पोट फाडायचं?"

"काढा," अनिल मिस्त्रीला म्हणाला. "तिचीच काढा."

फार पटकन म्हणाला, असं त्रिवेणीला वाटलं. ज्याला काही लपवायचं असतं तो असा उदार होतो.

मिस्त्रीने बॅटरी बसवली, जुनं पेट्रोल काढून टाकलं, बाटलीतलं ताजं थोडं कार्बोरेटरमध्ये ओतलं. उघड्या बोनेटकडे बघताना त्रिवेणीला वडील, अण्णा दिसले. गाडी लावली की ते बोनेट उघडून आत वाकायचे, रेडिएटरचं पाणी बघायचे. निघताना पुन्हा तेच. पाऊस असो, उन्ह असो. पोरं हसायची, 'अण्णांची गाडीची आरती' म्हणायची. इतकी जपलेली गाडी, आणि ती नेमकी त्याच दुपारी रुसली?

"मार," श्रीकांत म्हणाला.

किल्ली त्रिवेणीनेच फिरवली. दुसऱ्या कुणाच्या हातात ती देणार नव्हती.

घर्र घर्र घर्र घर्र. इंजिन फिरत होतं, धडधडत होतं, पण पकडत नव्हतं. ती मारत राहिली. घर्र घर्र घर्र.

"हाच," अनिल म्हणाला. "हाच आवाज. ऐका. त्या दिवशी असंच. अगदी असंच."

त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि ती रंजनाने पाहिली.

तिने ती दुसऱ्याच अर्थाने पाहिली. ही बाई दोन वर्षं या माणसाशेजारी झोपत होती आणि एकदाही तिने विचारलं नव्हतं, की खरंच चालू झाली नाही का हो? त्या दिवशी ती माहेरी, औरंगाबादला होती. घर पाडायच्या गोष्टी आधी तिनेच सुरू केल्या होत्या. नव्या फ्लॅटला बाल्कनी हवी, हेही तिनेच म्हटलं होतं. म्हणून तिने विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्याने तिच्याकडे बघून काही सांगितलं असतं, तर त्यात तिचाही वाटा निघाला असता. लोक म्हणतात बायकोचा नवऱ्यावर विश्वास असतो. कसला विश्वास? बायकोला हिशेब माहीत असतो, म्हणून ती गप्प असते.

बापाची गाडी चालू होत नाही म्हणून सुखावणारा माणूस कसला असतो, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो पदरासारखा खोचून टाकला.

"कॉइल गया," मिस्त्रीने प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरली होती. ठिणगी नव्हती. "सौ टक्का कॉइल. मेरे पास पडा है, ओरिजिनल."

"थांबा हो," श्रीकांत पुढे झाला. केबलच्या धंद्यात वायरी ओढून त्याला एवढं कळत होतं. "कॉइलची मोठी वायर काढून बघा ना. डायरेक्ट."

मिस्त्रीने तोंड वाकडं करून ती काढली. निळी ठिणगी टचकन उडाली.

"कॉइल तर जिवंत आहे."

"हौ, है," मिस्त्री म्हणाला, जणू कॉइलचं नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलं होतं. मग त्याने वायरी जिथे एकत्र जातात त्या काळ्या टोपणाच्या क्लिपा उघडल्या. टोपण उचललं. आत बघितलं. पान चघळायचं थांबला.

"रोटर किधर है?"

"काय?"

"रोटर. इत्ता सा रहता. काला. ऊपर पितळ की पट्टी. बीच में बैठता, घूमता, एकेक प्लग को करंट बांटता. ये नै तो गाडी नै. इसमें हैच नै."

"गळून पडला असेल," अनिल म्हणाला.

"गिरता नै साब. क्लिपां खोलके, हाथ से निकाले तोच निकलता. और निकालके ढक्कन वापस लगा दिया किसीने. बराबर लगाया."

आतून, देवघरातून आईची, भामाबाईंची घंटा ऐकू येत होती.

"म्हणजे काढून ठेवला," त्रिवेणी म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "दादा, मी तुला खोटारडा समजत होते. खोटारडा बरा होता."

"वाक्य पूर्ण कर."

"तूच कर."

"मी करतो!" अनिल ओरडला. "किल्ल्या कुणाकडे आहेत? बोनेटचा खटका आत असतो. किल्लीशिवाय दार उघडत नाही. दोन वर्षं तू या गाडीवर नागिणीसारखी बसलीस. रोटर नसेल तर तो तूच काढलास. आजच्यासाठी. सगळ्यांसमोर मला बापाचा खुनी ठरवायला!"

"मला ते काय असतं तेही आत्ता कळलं!"

"अक्का," श्रीकांत चाचरत म्हणाला, "किल्लीचं मात्र दादाचं बरोबर आहे."

"झालं का? फिरलास?" त्रिवेणी त्याच्याकडे वळली. "परवापर्यंत तूच म्हणत होतास ना, दादाने काहीतरी केलंय? आणि तू रे? त्या दुपारी तू आला होतास घरी. आम्ही दवाखान्यात असताना एकटा होतास. दादाला तर बल्ब बदलता येत नाही. या घरात पक्कड कुणाच्या हातात असते?"

"मी आलो तेव्हा गाडी आधीच बंद पडली होती! हौला, येडा समजायलीस का मला?"

पण आता अनिलही त्याच्याकडे बघत होता. "तू आला होतास. हे मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगण्यासारखं काय होतं? आईने फोन केला म्हणून आलो. घराला कुलूप होतं, गेलो!"

"कुलूप होतं हे कुणी पाहिलं?"

अशी ही भावंडं. एका आईच्या दुधाची. बापाने आयुष्यभर त्यांना एकच गोष्ट नीट शिकवली होती आणि ती तिघांनीही नीट उचलली होती. नामदेवरावांना दुधात पाणी दिसायचं, वाण्याच्या तराजूत चुंबक दिसायचा, पोरांच्या दप्तरात चोरलेलं काहीतरी दिसायचं. साखरेच्या डब्याला त्यांनी कुलूप लावलं होतं. गाव सोडून हैदराबादेत आलेला शेतकरी माणूस. इथे सगळे आपल्याला लुबाडायलाच बसलेत ही त्यांची एकमेव श्रद्धा. मग पोरं दुसरं काय होणार?

रंजना ऐकत नव्हती.

इत्ता सा. काला. ऊपर पितळ की पट्टी. मिस्त्रीने दोन बोटांनी दाखवलेलं माप तिच्या डोळ्यांपुढे होतं. सासूबाईंचे गुडघे दुखत तेव्हा तीच देवाची फुलं बदलायची. टाकांच्या मागे, तांब्याच्या वाटीत. एकदा तिने विचारलंही होतं. "आत्याबाई, हे काय?" "सांगायचं नसतं," एवढंच म्हणाल्या होत्या.

ती आत गेली. आपण कुणासाठी जातोय, नवऱ्याला सोडवायला की सासूला पकडायला, हे तिलाही त्या क्षणी सांगता आलं नसतं.

देवघरात पाटावर विळा, अडकित्ता, कात्री, अनिलचं पेन, श्रीकांतचा टेस्टर, सगळ्यांना कुंकू लावून मांडलेलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. भामाबाई तुळजाभवानीच्या टाकाला फूल वाहत होत्या. रंजनाने खाली वाकून, त्यांच्या खांद्यावरून हात घालून वाटी उचलली.

"अगं! पारोशी हात लावतीस देवाला? ठेव! ठेव म्हणते ना!"

रंजना थांबली नाही. भामाबाई गुडघ्यावर हात देत उठल्या आणि ओरडत तिच्या मागे अंगणात आल्या.

मिस्त्रीने वाटीतून ती वस्तू उचलली, अंगठ्याने हळद पुसली, फुलाची पाकळी काढून टाकली. "येइच है." मग हसायला लागला. "लेकिन इसकी पूजा कौन करा?"

दुसरं कुणी हसलं नाही.

"आई," त्रिवेणी म्हणाली. "तू काढलास?"

"मी काय काढलं?"

"हे. गाडीतून."

"मला त्या पेटाऱ्याचं तोंड तरी उघडता येतं का गं? गाडीतलं कशाचं? ते तर ह्यांच्या खिशात होतं."

"कुणाच्या?"

"तुमच्या वडिलांच्या." भामाबाईंनी सगळ्यांकडे बघितलं. आता सांगावंच लागणार होतं, आणि ते त्यांना जड जात होतं. "दवाखान्यात त्या नर्सबाईनं सदरा गुंडाळून दिला. घरी आल्यावर धुवायला काढला, तर खिशात हे. आदल्या दिवशी म्हणाले होते, त्रिवेणीचं काहीतरी बघतो, आबिड्सला एक जण आहे. मला वाटलं तोडगा आणला. तुझं घर परत बसावं म्हणून. तोडगा कुणाला सांगायचा नसतो, सांगितला की उतरतो. म्हणून नाही सांगितला. रोज पाणी घालायली मी त्याला. तुझं नाव घेऊन."

त्रिवेणीने रंजनाच्या हातातून ती वाटी घेतली.

"पुराने लोगां करते थे ऐसा," मिस्त्री सहज म्हणाला. "टॉकीज गए तो रोटर जेब में. चोर चाबी बनाता, रोटर कहां से लाता?"

"नामपल्लीला चोरीला गेली होती ना गाडी एकदा," श्रीकांत पुटपुटला. "नुमाइशच्या, त्या प्रदर्शनाच्या बाहेरून. मग लंगर हौजला सापडली. तेव्हापासून ते बोनेट..." तो थांबला. "अण्णा पाणी नव्हते बघत."

"लंगर हौजचा चोर या शेडमध्ये येणार होता?" अनिल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं. "गेटला कुलूप, शेडला कुलूप, किल्ली गादीखाली. घरात आम्हीच होतो. मी होतो. ते चोरासाठी नव्हतं काढलेलं."

भामाबाईंना हे पुढचं ऐकू आलं नाही.

त्या पुन्हा त्याच दुपारी होत्या. खुर्चीत ते वाकडे झालेले, उजवा हात लोळागोळा. शेडमधून घर्र घर्र आवाज येतोय. आणि डाव्या, चालत्या हाताने ते छाती बडवतायत. डावीकडे, सदऱ्यावर, पुन्हा पुन्हा. "दुखायलंय का हो?" त्यांनी विचारलं होतं. नामदेवरावांनी मान जोरात हलवली होती. नाही. तरी बाईंनी तळहाताने छाती चोळली. त्यांनी तो हात झिडकारला आणि असं काही बघितलं त्यांच्याकडे, की आजवर त्या नजरेने त्यांची झोप मोडत होती. आपलं काय चुकलं, एवढंच त्यांना कळलं नव्हतं. रिक्षातही तेच. हात पुन्हा पुन्हा तिथेच. त्या चोळत होत्या, ते झिडकारत होते.

"त्यांना तिथं दुखत नव्हतं," भामाबाई म्हणाल्या.

"काय, आई?"

"छातीत. दुखत नव्हतं त्यांना. खिसा दाखवत होते." त्यांनी स्वतःचा हात डावीकडे ठेवला, ठोकला. "असं. तू गाडी मारत होतास आणि ते असं करत होते. मी चोळत बसले रे."

रंजनाने सासूला धरलं. या वेळी कुणी पारोशी म्हणालं नाही.

अनिलने मिस्त्रीच्या हातातून रोटर घेतला. शर्टाच्या टोकाने हळद पुसली, खाचेत राहिलेलं कुंकू नखाने काढलं. "कसा बसतो?" मिस्त्रीने दाखवलं. टोपण लागलं, क्लिपा लागल्या. अनिल आत बसला आणि बहिणीपुढे हात केला. त्रिवेणीने किल्ली दिली.

दोनदा घर्र, आणि मग फियाट खोकली, काळा धूर सोडला, आणि चालू झाली. थरथरत, तक्रार करत, पण चालू झाली. बोनेटवरची धूळ नाचायला लागली. "बोला था ना!" मिस्त्री ओरडला. "मुर्दा उठके बैठता!"

कुणालाच ती चालू नको होती. जी चालू झाली की सगळं कळेल म्हणून दोन वर्षं वाट पाहिली, ती चालू झाली होती आणि सगळं कळलं होतं.

माफी मागायची या घरात पद्धत नाही. त्रिवेणी गाडीच्या खिडकीशी गेली. "दादा," ती म्हणाली. तिने काचेवरची धूळ पुसली. "बंद कर. आईला आवाज सहन होत नाहीये."

अनिलने गाडी बंद केली. उतरला. बोनेटखाली वाकला, क्लिपा उघडल्या, टोपण उचललं, रोटर काढून घेतला, टोपण पुन्हा बसवलं. ज्याला बल्ब बदलता येत नाही त्या माणसाने हे असं केलं, जणू आयुष्यभर करत आला होता. कुणी त्याला काढ म्हणालं नव्हतं. बोनेट आपटलं आणि रोटर शर्टाच्या डाव्या खिशात टाकला.

रंजनाने बघितलं. श्रीकांतने बघितलं. त्रिवेणी खिशाकडेच बघत होती.

"अनिल," भामाबाई म्हणाल्या. "ठेवायचं तर ठेव, लेकरा. पण कुणाला तरी सांगून ठेव. आपल्यातल्या एकाला तरी."

अनिलने वर पाहिलं. आधी बहिणीकडे, मग भावाकडे. बायकोकडे जरा जास्त वेळ. सगळ्यांवरून नजर फिरवून झाली.

मग त्याने खिशाचं बटण लावलं.